विखुरलेल्या टपालाची मालकी : पीएसटी फाइलींच्या स्थलांतराचे नियोजन
लेखमाला : कार्यालयाचे डिजिटल दप्तर – लेखांक ७

मागील लेखांकात मेल सर्व्हरवरील टपालपेटीची रचना पाहिली. त्या पेटीबाहेर, कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर साचलेले टपाल संस्थेच्या मध्यवर्ती संग्रहात आणण्याचे नियोजन हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये असे टपाल पीएसटी नावाच्या फाइलीत राहते; संदेश, जोडपत्रे, भेटींच्या नोंदी आणि पत्ते हे सारे तिच्यात एकत्र असते. सर्व्हरवरील साठवण महाग होती त्या काळात प्रत्येकाच्या पेटीला तुटपुंजी मर्यादा असे, आणि पेटी भरली की जुने टपाल स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावे, असा कार्यालयांचा शिरस्ताच पडला. आउटलुक २००२ पर्यंतच्या स्वरूपात या फाइलीची कमाल मर्यादा २ जीबी होती, व ती गाठलेली फाइल बिघडण्याचा धोका मोठा असे. २००३ च्या आवृत्तीतील युनिकोड स्वरूपात ही मर्यादा प्रथम २० जीबी आणि २०१० च्या आवृत्तीपासून ५० जीबी ठेवण्यात आली. परिणामी, जुन्या संस्थेत एकाच कर्मचाऱ्याच्या नावे लहानमोठ्या अनेक फाइली आढळतात, आणि त्यांपैकी कित्येकींची नोंद संस्थेकडे नसते.

वरवर पाहता हे काम फाइली एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवण्याचे वाटते. परंतु नियोजनाचा खरा कस फाइल कोणाची हे ठरवण्यात लागतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या आयात सेवेला फाइलींसोबत एक तक्ता द्यावा लागतो व त्यात प्रत्येक फाइलीपुढे ती ज्या टपालपेटीत जायची तिचा पत्ता लिहावा लागतो, म्हणजे मालकी निश्चित झाल्याशिवाय स्थलांतर सुरूच होत नाही. फाइलीच्या गुणधर्मांत दिसणारा मालक मात्र अनेकदा ती नव्या संगणकावर उतरवून देणारा तंत्रज्ञ असतो. म्हणून फाइल कोणत्या संगणकावर सापडली, तो कोणाच्या ताब्यात होता आणि आतील पाठवलेल्या संदेशांवर प्रेषक म्हणून कोणाचे नाव आहे, हे तिन्ही पुरावे ताडून पाहावे लागतात. नोकरी सोडून गेलेल्यांच्या आणि अनेकांनी मिळून वापरलेल्या फाइलींचा निर्णय तंत्रज्ञाने न घेता विभागप्रमुख व विधी विभाग यांनी घ्यावा, हे इष्ट होय.

मालकीचा शोध चालू असताना नव्या फाइली तयार होत राहिल्या, तर यादी कधीच पूर्ण होत नाही. यासाठी संगणकांना मध्यवर्ती धोरणाद्वारे दोन बंधने आधीच घालता येतात : नवी पीएसटी फाइल जोडता येऊ नये आणि असलेल्या फाइलीत भर पडू नये. जुने टपाल वाचता येत असल्यामुळे कर्मचाऱ्याचे काम अडत नाही; तथापि सर्व्हरवरील पेटीची मर्यादा त्याच वेळी वाढवली नाही, तर टपाल ठेवायला जागा उरत नाही आणि आडवाटा शोधल्या जातात.

यानंतर वाहतुकीचा हिशेब येतो. २० कर्मचाऱ्यांच्या शाखेत प्रत्येकी ८ जीबी टपाल आहे असे मानले, तर १६० जीबी माहिती प्रतिसेकंद १० मेगाबिटच्या जोडणीवरून, ती पूर्णपणे याच कामाला दिली तरी, साडेपस्तीस तासांहून अधिक वेळ घेईल. प्रत्यक्षात हे काम रात्रींमध्ये विभागावे लागते किंवा हार्ड डिस्क कुरिअरने पाठवावी लागते. शिवाय आउटलुक चालू असताना फाइल कुलूपबंद असते व ती नुसती उघडली तरी तिच्यात बदल होऊ शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे हॅश मूल्य, म्हणजे आशयावरून गणिताने काढलेली ओळखखूण, नमूद करावे लागते. म्हणून वादाशी संबंध असू शकणाऱ्या फाइलीची ही खूण ती उघडण्यापूर्वीच काढून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

संग्रहात पोहोचलेले टपालही लगेच सुरक्षित होत नाही. ठरावीक वर्षांनंतर संदेश आपोआप पुसण्याचे धोरण पेटीला लागू असेल, तर दहा वर्षांपूर्वीचा संदेश आत येताच मुदतबाह्य ठरतो. याच कारणास्तव मायक्रोसॉफ्टची आयात सेवा त्या पेटीवरील धोरण अनिश्चित काळासाठी स्थगित ठेवते; ही स्थगिती केव्हा व कोणाच्या आदेशाने उठवायची, हे योजनेत लिहिलेले असावे, अन्यथा संस्थेचे जतनधोरण कागदावरच राहते.

मूळ फाइल पुसणे ही शेवटची पायरी. आयात झालेल्या व वगळल्या गेलेल्या संदेशांची संख्या जुळवून, बिघडलेल्या नोंदींची यादी करून आणि मालकाची लेखी संमती घेऊनच ती उचलावी. मात्र ती टाळताही येत नाही, कारण मूळ फाइल संगणकावर राहिली तर संग्रहातून नियमानुसार पुसलेला संदेश तिथे जिवंत राहतो, आणि न्यायालयाने कागदपत्रे मागितली की त्या प्रत्येक संगणकाची झडती घेण्याची वेळ पुन्हा येते.

(पुढील लेखांक : जतनाची मुदत कोणी आणि कशी ठरवावी)