बाई, 'एनए' कोण?

मुलांनो, 'विद्या' अधिक 'आलय' म्हणजे काय? तुम्ही एका सुरात म्हणाल, 'विद्यालय'! आता हेच संगणकाला विचारून पाहू या.

संगणकाच्या अनेक भाषा आहेत. त्यांतलीच एक 'आर'. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती तयार केली. दोघांचंही नाव 'आर'नंच सुरू होतं, गंमतच की नाही! २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती आली. ही भाषा मुख्यतः संख्याशास्त्राची. गुणांची सरासरी, पावसाचे आकडे, आलेख ही तिची कामं. पण आकड्यांबरोबर नावंही येतातच.

दोन शब्दांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं, तर 'आर' चक्क नकार देते. अधिक फक्त आकड्यांसाठी! शब्द जोडायला तिच्याकडे 'पेस्ट' ही आज्ञा आहे. पेस्ट म्हणजे चिकटवणं. (आज्ञा इंग्रजी लिपीत टंकायची असते, वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत लिहिते.)

पेस्ट("विद्या", "आलय")

उत्तर येतं, "विद्या आलय". मध्ये जागा कशी आली? आपण काही सांगितलं नाही, तर पेस्ट दोन तुकड्यांत एक मोकळी जागा सोडते. ती नको असेल, तर तिची धाकटी बहीण 'पेस्ट झीरो' वापरायची. मग उत्तर येतं, "विद्याआलय". हसलात ना? संगणक नुसतं चिकटवतो. संधी करणं तुमचं काम!

पण चिकटवण्यात मात्र तो पटाईत. 'इयत्ता' हा एक शब्द आणि १ ते ४ हे आकडे दिले, की 'इयत्ता १' पासून 'इयत्ता ४' पर्यंत चारही पाट्या एका दमात तयार. शब्द एक आणि आकडे चार असले, तरी तो शब्द पुन्हापुन्हा वापरतो.

हे पाहून मला भारी हुरूप आला. शाळेच्या क्रीडास्पर्धांची बासष्ट प्रमाणपत्रं मी अशीच केली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, चिकटव, छाप! वाटताना चौथीतली एक मुलगी कागद घेऊन परत आली. "बाई, हे एनए कोण?"

तिच्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये इंग्रजी अक्षरांत 'एनए' छापलं होतं. तिच्या आईनं ती जागा कोरी ठेवली होती. यादीत ती 'एनए' अशी नोंदली गेली, म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही'. पेस्टनं तेही एक नाव समजून चिकटवलं. चूक तिची नव्हे, माझी. छापण्याआधी मी यादी वाचलीच नव्हती. मागून दोन मुलं खुसखुसली, तेव्हा मला फारच लागलं.

संध्याकाळी दुरुस्तीला बसले. 'एनए'च्या जागी काहीच नाही असं लिहिलं, तर नाव-आडनावात दोन जागा सुटल्या, दात पडल्यासारख्या! शेवटी 'आर'ला सांगितलं, मधलं नाव असेल तर तीन तुकडे जोड, नसेल तर दोनच.

दुसऱ्या दिवशी नवं प्रमाणपत्र दिलं. तिनं बोट ठेवून आपलं नाव वाचलं, मान हलवली. मग म्हणाली, "बाई, जुनंपण द्या ना. मागची बाजू कोरी आहे, चित्र काढते."