लेकीच्या रक्ताचा रिपोर्ट

जोतिबाच्या पायऱ्यांवर आमचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान आहे. चैत्र यात्रेत अख्खा डोंगर गुलालानं माखतो, पण सासनकाठी मी कधी पेलली नाही. मला हिमोफिलिया ए आहे. रक्त गोठायला लागणारा आठवा फॅक्टर माझ्यात एक टक्काही नाही.

लोकांना वाटतं, बोट कापलं की आम्ही संपलो. तसं नसतं. खरी पंचाईत सांध्यांची. आधी गुडघ्यात मुंग्या येतात, मग तो गरम लागतो, मग टम्म फुगतो. वर जखम नाही, रक्त आतल्या आत सुटलेलं. अशा वेळी फॅक्टर टोचून घ्यायचा, बर्फ लावायचा, पाय हलवायचा नाही. लहानपणी घरचे तेल लावून चोळायचे. डावा गुडघा त्यातच आखडला.

उंच सासनकाठी चहूबाजूंनी दोर ताणून तोलतात, तसे डझनभर फॅक्टर मिळून रक्त गोठवतात. एकानं दोर सोडला की काठी कललीच. आठवा सुटला तर हिमोफिलिया ए, नववा सुटला तर बी. ए साधारण पाच हजार मुलग्यांत एकाला होतो.

मामा याच दुखण्यानं गेला. माझंही तेच निघाल्यावर भावकीनं आईला धरलं: देवाचं काहीतरी राहिलंय. आईनं माघात अनवाणी खेटे घातले. तिला त्यानं धीर आला असेल, माझी ना नाही. पण तिला लावलेला बोल खोटा होता. या फॅक्टरचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा बहुधा सावरून घेतो. पुरुषाकडे एकच. बिघडलेला एक्स आईकडून आला, की मुलाची सुटका नाही. आणि तो येण्याची शक्यता प्रत्येक खेपेला निम्मी.

मुंबईत केईएमच्या आवारात एनआयआयएच ही सरकारी संस्था आहे, तिथं जनुकाची तपासणी होते. माझ्या जनुकाचा एक मोठा तुकडा उलटा बसलेला निघाला. गंभीर हिमोफिलिया ए असलेल्या जवळपास निम्म्या लोकांत हेच सापडतं. हा उलटफेर बहुतेक वेळा पुरुषाच्या शुक्रपेशी तयार होताना होतो. म्हणजे आमच्या घरात मूळ शोधायचंच, तर आजीच्या वडिलांकडे किंवा त्याहून मागे जावं लागेल. भावकीतल्या कुणी कधी आजीच्या वडिलांचं नाव काढलं नाही.

माझ्या मुलाला मी वाय दिला, तो मोकळा. मुलीला माझा एकुलता एक्सच गेला. ती वाहक, त्याला तपासणीची गरज नाही. तपासायची असते ती फॅक्टरची पातळी. कारण बाईच्या प्रत्येक पेशीत एक एक्स निजलेला असतो, आणि चांगला एक्सच जास्त ठिकाणी निजला तर तीही रक्तस्रावानं हैराण होते. पाळीत चादरी भिजतात, आणि घरातल्या बायका म्हणतात, आपल्याकडं सगळ्यांचं असंच. फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रांड यांनी 1926 साली अशाच एका, पण वेगळ्या आनुवंशिक आजाराची नोंद केली. त्यांची रुग्ण असलेली मुलगी तेराव्या वर्षी, चौथ्याच पाळीत रक्तस्रावानं दगावली.

म्हणून माझ्या सहावीतल्या मुलीची पातळी पाळी सुरू व्हायच्या आतच मोजून घेतली. बत्तीस टक्के. पन्नासच्या वर हवी. चाळिसाच्या आत म्हणजे तिलाही सौम्य हिमोफिलियाच. दाढ काढताना, ऑपरेशनला, बाळंतपणाला आधी सांगावं लागेल. बायको म्हणते, रिपोर्ट कपाटात ठेवा, सोयरिकीत अडचण येईल. मी त्याची एक प्रत शाळेत दिली, एक दाताच्या डॉक्टरकडे. सोयरीक येईल तेव्हा तिसरी पाहुण्यांच्या हातात जाणार. यावरून घरात अजून धुसफूस चालू आहे.