मैदान आधी, खेळाडू नंतर

२०२१च्या जुलैमध्ये अर्जेंटिनाच्या गोल्फपटू एमिलियानो ग्रिलोने टोकियो ऑलिंपिकमधून नाव मागे घेतलं आणि पुण्याच्या उदयन मानेला बोलावणं आलं. जागतिक क्रमवारीत तो तेव्हा ३५६वा होता. साडेतीनशेच्या पलीकडचा खेळाडू ऑलिंपिकला कसा, असं कुणालाही वाटेल. गोल्फमध्ये ऑलिंपिकला फक्त ६० जण घेतात. पहिल्या पंधरांत असलेले एका देशाचे चार जण चालतात, त्याखाली मात्र देशागणिक दोनच. अमेरिकेचे डझनावारी खेळाडू या अटीपाशी अडतात आणि यादी भराभर खाली सरकते. ३४०वा अनिर्बान लाहिरी त्या यादीत बरोबर साठावा होता. ग्रिलो गेल्यावर पुढचं नाव मानेचं निघालं. पहिल्या दिवशी त्याचे ७६ फटके झाले, दुसऱ्या दिवशी ६९. अखेर तो ५६व्या स्थानावर बरोबरीत राहिला.

संधी नशिबाने आली हे खरं, पण त्या रांगेत उभं राहायला जी वाट चालावी लागते ती लांब आहे आणि खर्चिकही.

सुरुवात हौशी खेळाडूपासून होते. अठरा होल किती फटक्यांत संपवायचे याचा ठरलेला आकडा म्हणजे पार. बहुतेक मैदानांवर तो ७२ किंवा त्याच्या आसपास असतो. त्याहून साधारण किती फटके जास्त लागतात, यावरून हॅंडिकॅप काढतात. रविवारी क्लबात खेळणाऱ्याचा हॅंडिकॅप अठरा-वीस असला तर कुणी नाक मुरडत नाही. देशाच्या संघात यायचं तर तो शून्यावर किंवा त्याहून खाली हवा. आणि ही सगळी वर्षं पैसा घरातूनच जातो. हौशी खेळाडूला आजही एका स्पर्धेत हजार डॉलरपेक्षा जास्त बक्षीस घेता येत नाही. माने २०१४ साली जपानमध्ये आयझेनहॉवर करंडकात भारताकडून खेळला. ही हौशी खेळाडूंची जागतिक सांघिक स्पर्धा. त्यानंतर २०१५मध्ये तो व्यावसायिक झाला.

व्यावसायिक झाला म्हणजे पगार सुरू झाला असं नाही. आधी क्वालिफाइंग स्कूल नावाची चाळणी. भारतात प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया २००६मध्ये उभी राहिली. तिच्या या चाळणीतून वर आलेल्यांना वर्षभर खेळण्याचं कार्ड मिळतं. मग दर स्पर्धेत दोन दिवसांनंतर कट लागतो. पहिले पन्नास आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले पुढे जातात, बाकीचे बॅगा भरून घरी. त्यांच्या हाती दमडी पडत नाही; विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडीचे (बॅग वाहणाऱ्याचे) पैसे, सगळं अंगावर. जिंकणाऱ्याला एकूण बक्षिसाच्या साधारण पंधरा-सोळा टक्के रक्कम मिळते आणि खाली आकडे वेगाने बारीक होत जातात. वर्तमानपत्रात आपण जिंकणाऱ्याचा फोटो बघतो. त्याच आठवड्यात खिशाला खार लावून परतलेल्यांची बातमी होत नाही.

टोकियोला जाईपर्यंत मानेच्या नावावर देशी टूरची अकरा विजेतेपदं होती. एवढं जिंकूनही क्रमांक ३५६, कारण देशी स्पर्धांना क्रमवारीत गुण फार थोडे. पुढची पायरी एशियन टूरची, त्यापुढे युरोप, मग अमेरिका. लाहिरी २००७मध्ये व्यावसायिक झाला, एशियन टूरवर पहिल्यांदा जिंकला २०११मध्ये, आणि मलेशियन व इंडियन ओपन या युरोपीय टूरच्याही स्पर्धा त्याने जिंकल्या २०१५मध्ये. म्हणजे आठ वर्षं गेली. त्याच वर्षी तो अमेरिकेतल्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पाचव्या स्थानाच्या बरोबरीत आला.

ही शिडी चढणारी मुलं येतात कुठून? लाहिरीचे वडील लष्करात डॉक्टर. आठव्या वर्षी स्टिक त्यांनीच हातात दिली. लष्करी वसाहत किंवा क्लबाचं सदस्यत्व हे एक दार. दुसरं दार मागच्या बाजूचं, कॅडींचं. १९९१ आणि १९९३ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्ली गोल्फ क्लबात कॅडी होता. बंगळुरूजवळचा चिक्करंगप्पा मजुरी करणाऱ्या घरातला; गावाला लागून मैदान होतं म्हणून तो खेळाकडे वळला. साहेबाचा मुलगा असो की मजुराचा, दोघांनाही मैदान हाताशी होतं. क्रिकेटला रस्ता पुरतो. गोल्फला आधी मैदान लागतं.

आमच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत नेमकं मैदानच नाही. आणि ते यावं असंही मला वाटत नाही. अठरा होलांना पन्नास-साठ हेक्टर जमीन लागते आणि उन्हाळाभर हिरवळीला पाणी. ज्या तालुक्यांतल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन लांब चालतात, तिथे हे पाणी कुणाच्या वाट्याचं असेल ते सांगायला नको. शिवाय २० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला; चिकूच्या वाड्या आणि जंगल टिकण्यात त्या कागदाचा मोठा हात आहे.

पण म्हणून इथल्या मुलाने या खेळाकडे बघूच नये का? पालघरचा क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर किटबॅग घेऊन लोकलने मुंबई गाठत असे. २०१३पासून तर लोकल डहाणूपर्यंत येते. फरक गाडीतून उतरल्यावर पडतो. चर्चगेटला उतरून आझाद मैदानावर कुणाच्याही नेटपाशी उभं राहून बघता येतं. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या फाटकावर आधी सदस्यत्वाचा प्रश्न येतो. त्यातल्या त्यात सोय खारघरला. तिथलं मैदान सिडकोचं, फी भरून बाहेरच्यालाही खेळता येतं. दादरला गाडी बदलून कुर्ला, तिथून हार्बर. नियमाने बॅगेत चौदा स्टिक चालतात. शिकणाऱ्याला सात-आठ पुरतात, आणि त्या जुन्याही मिळतात.