ट्रक परतल्यानंतरची मदत

शहरातल्या मुलांनी पूरग्रस्त भागातल्या मुलांसाठी वह्या-दप्तरं गोळा केली, हे चांगलंच झालं. पण त्यांच्या मदतीची खरी वेळ आता, दुसऱ्या सत्रात सुरू होते आहे.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या आहेत. २०२५ च्या सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात काय घडलं, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. सीना नदीच्या पुराने लांबोटीपाशी अडलेला सोलापूर-पुणे महामार्ग, परंडा तालुक्यात हेलिकॉप्टरने बाहेर काढलेली माणसं, राज्यभर सुमारे ६८ लाख हेक्टरवरच्या पिकांचं नुकसान आणि त्यानंतर जाहीर झालेलं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज, या सगळ्यावर भरपूर लिहून आणि बोलून झालं आहे. त्या गदारोळात शहरांमधल्या शाळांतून वह्या, कंपासपेट्या, दप्तरं, बिस्किटांचे पुडे गोळा झाले आणि ट्रकमधून रवाना झाले. पहिली-दुसरीतल्या मुलांनीही त्यात हात लावला. ट्रक परतले आणि विषय संपला. तो तिथे संपू नये, असं मला ठामपणे वाटतं. लहान मुलांच्या मदतीची किंमत त्यांनी किती वस्तू पाठवल्या यावर ठरत नाही. बातमी शिळी झाल्यावरही त्यांनी समोरच्या मुलाशी संबंध ठेवला की नाही, यावर ती ठरते. आणि हा संबंध ठेवण्याची सोय करणं हे मुलांचं काम नाही, ते शाळांचं आणि आपलं आहे.

खराडीचंच उदाहरण घ्या. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेलं हे गाव आज आयटी पार्क आणि उंच इमारतींनी ओळखलं जातं. इथल्या मुलाला सीनाकाठचा माढा किंवा परंडा हा फार लांबचा मुलूख वाटू शकतो. पण खराडीला लागून वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीतून पंढरपूरला जाते आणि दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडल इथे तिला सीना मिळते. ज्या सीनेने यंदा गावं बुडवली, तिचं पाणी आणि खराडीवरून गेलेलं पाणी शेवटी एकाच पात्रात येतं. माणसांचंही तसंच आहे. मराठवाड्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या नगर रस्त्याने जातात, आणि त्याच रस्त्याने आलेली किती तरी कुटुंबं खराडी, चंदननगर, वाघोली या पट्ट्यात राहतात. त्यांत बांधकामावरचे मजूर आहेत, सोसायट्यांचे सुरक्षारक्षक आहेत, घरकामाला जाणाऱ्या बायका आहेत आणि संगणकासमोर बसणारे अभियंतेही आहेत. ज्याच्या आजोबांच्या शेतातली माती वाहून गेली, असा मुलगा इथल्या एखाद्या वर्गात बसलेला असण्याची शक्यता बरीच आहे. मदतफेरी काढण्याआधी शाळेने वर्गात एवढंच विचारावं, ‘तुमच्यापैकी कुणाचं गाव तिकडे आहे?’ नकाशावरचं अंतर तिथेच अर्ध्यावर येईल, आणि एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारं मूल त्या दिवशी वर्गाला माहिती देणारं होईल.

दीर्घकाळच्या मदतीचा एक मोठा धडा तर खराडीच्या शेजारीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसं मृत्युमुखी पडली. मदतीचा तेव्हाही महापूर आला होता, आणि काही आठवड्यांत तो ओसरलाही. त्या काळात शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने एक वेगळी गोष्ट केली. भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं पुण्यात आणली आणि त्यांच्या राहण्याची, शिक्षणाची जबाबदारी घेतली. ही जबाबदारी काही महिन्यांची नव्हती, वर्षानुवर्षांची होती. त्या कामातून नगर रस्त्यावर, खराडीच्या पुढे काही किलोमीटरवर वाघोलीत शैक्षणिक पुनर्वसनाचं केंद्र उभं राहिलं. पुढे मेळघाटातली आदिवासी मुलं आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलंही तिथे शिकली. या पद्धतीवर आक्षेप घेता येतो. दुःखात असलेल्या मुलाला त्याच्या गावापासून, आजीपासून, ओळखीच्या रस्त्यांपासून दूर नेणं हा सोपा निर्णय नसतो, आणि गावातलीच शाळा लवकर उभी करणं शक्य असेल तेव्हा तेच करावं, असं माझंही मत आहे. म्हणून वाघोलीकडून घ्यायची ती पद्धत नव्हे, मुदत. आपत्तीने मुलाच्या आयुष्यात पाडलेलं खिंडार एका खेपेत बुजत नाही, हे तिथे ओळखलं गेलं. किल्लारी परिसरातल्या ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन व्हायला काही वर्षं लागली. ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेलेल्या माळीणच्या लोकांना नवं गाव मिळालं ते एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे पावणेतीन वर्षांनी. पहिलीतलं मूल तोवर चौथीच्या उंबरठ्यावर येतं. त्याचं बरंचसं प्राथमिक शिक्षण तात्पुरत्या व्यवस्थेत होतं, आणि आपली मदत मात्र पहिल्या पंधरवड्यातच संपलेली असते.

यावर कुणी म्हणेल, की लहान मुलांकडून इतक्या लांब पल्ल्याची अपेक्षा कशी करायची? त्यांना दोन दिवसांत दुसरं खेळणं हवं असतं. ही समजूत किती खरी आहे, हे संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. फेलिक्स वारनेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की दीड वर्षाचं मूलही, कुणी सांगितलेलं नसताना, अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देतं. त्यांचा २००८ मधला प्रयोग शाळांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे. वीस महिन्यांच्या मुलांचे तीन गट केले. मदत केल्यावर एका गटाला बक्षीस मिळे, दुसऱ्याला शाबासकी आणि तिसऱ्याला काहीच नाही. पुढच्या टप्प्यात बक्षिसं बंद झाली, तेव्हा बक्षिसाच्या गटातल्या मुलांची मदत इतरांपेक्षा कमी झाली. शाबासकीने मात्र तसं नुकसान झालं नाही. लारा अक्निन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांवर केलेला प्रयोग छोटा होता, पण त्याने दिलेलं उत्तर स्पष्ट होतं. खाऊ मिळाल्यापेक्षा दिल्यावर मुलं जास्त आनंदी दिसली, आणि आपल्या वाट्यातला खाऊ दिला तेव्हा हा आनंद अधिक होता. हे फक्त पाश्चात्त्य शहरी घरांतलं असेल, अशी शंका येऊ शकते. पण व्हानुआटूतल्या तान्ना बेटावरच्या खेड्यांतही देणाऱ्या मुलांमध्ये हाच आनंद आढळला.

या निष्कर्षांशेजारी आपल्या शाळांची रीत ठेवून पाहावी. सर्वांत जास्त वह्या आणणाऱ्या वर्गाला ढाल दिली जाते, प्रत्येक सहभागी मुलाला प्रमाणपत्र मिळतं, ‘आमच्या शाळेकडून’ अशा फलकासमोर छायाचित्र निघतं. वह्या आणतात आई-बाबा, त्याही ऑनलाइन मागवून. मुलाच्या वाट्यातून काहीच जात नाही, आणि त्याच्या हाती प्रमाणपत्र येतं. ज्या प्रेरणेला जपायचं, तिच्यावरच आपण बक्षिसाचं वजन ठेवतो. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांची छायाचित्रं छापल्यावरून वाद झाला होता, यंदाही झाला. पुढाऱ्यांवर आपण चिडतो ते योग्यच आहे. पण सात वर्षांच्या मुलाला मदतीसोबत स्वतःचं छायाचित्र काढून घ्यायला आपणच शिकवत असू, तर ती सवय मोठेपणी कशी जाणार? शाळांनी मदतीसाठी दिली जाणारी सगळी प्रमाणपत्रं, ढाली आणि वर्गावर्गातल्या चढाओढी बंद कराव्यात, असं मी स्पष्टपणे म्हणेन. बाईंनी पाठीवर ठेवलेला हात पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे, आणि त्यात बरंच तथ्य आहे. आपत्तीत वस्तू पाठवण्यापेक्षा पैसे पाठवणं चांगलं. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. गूंज या संस्थेने नंतर ते कपडे निवडून, शिवून वापरात आणण्याचं काम हाती घेतलं. नको असलेल्या वस्तूंचा भार आपत्तीग्रस्तांनाच वाहावा लागतो, हे मदतकार्यात मुरलेली माणसं नेहमी सांगतात. म्हणून पहिल्या आठवड्यातली मदत मोठ्यांनी करावी आणि ती पैशांतच करावी, याबद्दल दुमत नसावं. मुलांचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्याची सुरुवात विचारण्यापासून व्हावी. शाळेत जाणाऱ्या मुलाचं पुरात काय काय जातं, हे शाळेत जाणाऱ्या दुसऱ्या मुलाला मोठ्यांपेक्षा नेमकं कळतं. पाठ्यपुस्तकं सरकारने पुन्हा द्यायलाच हवीत. पण निम्म्या वर्षाचा लिहून झालेला अभ्यास असलेल्या वह्या कुठलंही सरकार परत देऊ शकत नाही. त्यात पाठ्यपुस्तकांत मधे मधे जोडलेली कोरी पानं २०२५-२६ पासून काढून टाकली आहेत. म्हणजे वेगळ्या वह्यांशिवाय चालत नाही, आणि वही गेली की सगळंच गेलं. कोऱ्या वह्या ट्रकने गेल्या. त्यांत जूनपासूनचा अभ्यास कसा उतरवायचा, हा प्रश्न तिकडच्या पाचवीतल्या मुलासमोर आजही आहे. इकडची पाचवी आठवड्याला एक धडा, एक गणिताचा प्रकार, विज्ञानाची एखादी आकृती स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवू शकते. त्यात देणाऱ्याचा वेळ जातो, हात दुखतात, आणि त्याचाही अभ्यास होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. खराडीतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाने जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला मदत केली, की एक देणारा आणि एक घेणारा असं नातं पक्कं होतं. कीव शिकवली जाते आणि विषमता नैसर्गिक वाटू लागते. हा धोका खरा आहे. पण मदत न करण्याने तो टळत नाही, मुलं फक्त एकमेकांना अनोळखी राहतात. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली, तरच तो टळतो. सीनाकाठच्या मुलाला नदी चढते कशी, जनावरं आधी कुठे हलवायची, खरडून गेलेल्या जमिनीत पुन्हा पीक यायला काय काय लागतं, हे माहीत असतं. खराडीतल्या मुलाला शेजारून वाहणाऱ्या नदीची पूररेषा कुठे आहे, तेही बहुधा ठाऊक नसतं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याने आणि २०२४ च्या जुलैमध्ये मुठेने पुण्यात काय केलं, हे पाहता हे ज्ञान पुण्यालाच जास्त हवं आहे. शिवाय १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, तेव्हा याच शहराने मदत घेतलेली आहे. घेणारा कायम घेणारा नसतो, हे मुलांना पुण्याच्या इतिहासातूनच सांगता येतं. पत्राचं उत्तर येणं, त्यात प्रश्न असणं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला इकडच्या मुलाने खटपट करणं, यातून बरोबरी येते.

इतक्या लहान वयात दुःख कशाला दाखवायचं, असं विचारणारे पालकही भेटतील. पण दुःख मुलांनी आधीच पाहिलेलं असतं, आई-बाबांच्या मोबाइलवर, पंधरा सेकंदांच्या तुकड्यांत, कुणी समजावून न सांगता. वाहून जाणाऱ्या गाईचं दृश्य पाहून गप्प झालेल्या मुलाला त्या दृश्यापासून लांब ठेवण्याची वेळ निघून गेलेली असते. आपल्या हातून काहीतरी होऊ शकतं, हे कळलं तर त्याची भीती हलकी होते. त्याला मृत्यूचे तपशील देण्याची गरज नाही. त्याच्याएवढ्या एका मुलाची शाळा पुन्हा सुरू होते आहे, एवढं पुरे. सरकारची जबाबदारी मुलांच्या खांद्यावर टाकू नका, हा मुद्दाही मला मान्य आहे. भिंत पडलेली शाळा, वाहून गेलेलं स्वच्छतागृह, बुडालेली पुस्तकं ही शासनाचीच कामं आहेत. मात्र नियमित पत्रव्यवहार करणाऱ्या शाळेलाच कळतं, की जानेवारी आला तरी तिकडच्या वर्गाला छप्पर नाही. मग मोठ्या वर्गातली मुलं शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिहून विचारू शकतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला जिल्हा परिषदेचा धडा त्यांना त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजेल.

यासाठी नवी योजना नको, नवा निधी नको. एका शाळेने एकाच शाळेशी जोडून घ्यावं, शक्यतो वर्गाने वर्गाशी. गाव वर्गातल्या मुलांच्या ओळखीतून निवडावं. आधी तिथल्या मुख्याध्यापकांना विचारावं, मग ठरवावं. प्राथमिक शाळांत आनंददायी शनिवार आहेच, राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवसही सुचवले आहेत. महिन्यातला एक शनिवार पत्रांसाठी ठेवला तर अभ्यासक्रमाला धक्का लागत नाही. पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांना मिळतं, तेव्हा खर्चाची सबबही चालणार नाही. आणि हा संबंध किमान दोन शैक्षणिक वर्षं टिकवायचा, असं शाळेने सुरुवातीलाच पालकांना सांगावं. सगळ्याच शाळांना हे जमणार नाही, काही जोड्या अर्ध्यावर तुटतील. तरीही आज पंधरा दिवसांत शंभर टक्के तुटतात, त्यापेक्षा ते बरं. बदलत्या पावसाचे फटके यापुढे पुन्हा पुन्हा बसणार आहेत, आणि ते सोसायला आज पहिलीत असलेली पिढीच उभी राहणार आहे. तिला ट्रक भरायला शिकवून भागणार नाही. ट्रक परतल्यावर फोन करून ‘आता कसं आहे?’ असं विचारण्याची सवय तिला लावावी लागेल, आणि ती सवय लागण्याचं वय हेच आहे.