शेरखानचा पाय, रानकुत्र्याची बोटं

सौंसरहून पूर्वेकडे निघालं, की बिछुआच्या पुढे पेंचचं रान लागतं. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे निघून ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. इथं घराघरांत मराठी बोलली जाते, शेतांत संत्र्याच्या बागा आहेत, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ, होतो. याच सातपुड्यात, पेंचच्या पलीकडच्या सिवनीत, जगातली एक अतिशय गाजलेली प्राणिकथा घडते. रुडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ 1894 मध्ये आलं आणि त्याचा दुसरा भाग 1895 मध्ये. किपलिंगने ते लिहिलं अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून. सिवनीच्या रानाची माहिती त्याला रॉबर्ट स्टर्नडेल या शिकारी लेखकाच्या 1877 च्या पुस्तकातून मिळाली असावी, असं अभ्यासक मानतात.

मोगली, बघिरा, बल्लू ही नावं घराघरांत पोचली. त्यांच्याबरोबर शेरखान वाघ, तबाकी कोल्हा, बेशिस्त माकडं आणि दक्षिणेतून चालून येणारे रानकुत्रेही पोचले. लहान मुलांच्या मनात प्राण्यांची पहिली विभागणी बहुतेकदा अशा गोष्टींतूनच होते: हे चांगले, ते वाईट. फँटसी वाचणाऱ्यांमध्ये यावर जुना वाद आहे. एखादी जातच्या जात जन्मतः दुष्ट असू शकते का? लेखकाने तसं ठरवून टाकणं न्यायाचं आहे का?

शेरखानपासून सुरुवात करू. सिनेमे पाहून तयार झालेल्या समजुतीत तो निव्वळ क्रूर आहे. मूळ पुस्तकात मात्र किपलिंगने एक तपशील पहिल्याच कथेत नोंदवला आहे: शेरखान जन्मापासून एका पायाने लंगडा आहे, आणि त्याची आईच त्याला लंगडी म्हणते. लंगडा म्हणून त्याला चपळ हरणं साधत नाहीत, म्हणून तो गुरं मारतो. गुरं मारतो म्हणून वैनगंगेकाठची गावं त्याच्यावर चिडलेली असतात, आणि तो मुक्काम हलवून सिवनीच्या टेकड्यांत येतो. म्हणजे शेरखान जन्मतः अधू आहे, दुष्टपणा नंतरचा आहे. 2016 च्या डिस्नेच्या चित्रपटानेही त्याला कारण दिलं, वेगळं: मोगलीच्या बापाने मशालीने त्याचा चेहरा भाजलेला असतो.

खऱ्या वाघांची कहाणी याच्या फार जवळ जाते. कुमाऊँच्या चंपावतच्या वाघिणीवर 436 माणसांच्या मृत्यूची नोंद होती. 1907 मध्ये जिम कॉर्बेटने तिला मारलं, तेव्हा तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे सुळे तुटलेले आढळले, जुन्या गोळीने. नैसर्गिक शिकार तिला त्यामुळेच जमेनाशी झाली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. 1944 च्या त्याच्या पुस्तकात मुक्तेश्वरची वाघीणही आहे. साळिंदराचे काटे घुसून ती जायबंदी झाली होती. अलीकडचं उदाहरण सौंसरपासून फार लांबचं नाही. यवतमाळच्या पांढरकवडा भागातली टी-1, म्हणजे अवनी, 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका घेऊन 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळीने मेली. तिच्या मागे दोन बछडे होते. तिचं रान म्हणजे शेतं, गावं आणि गुरचराईच्या मधले झुडपी तुकडे. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांचं दुःख यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण वाघिणीच्या वागण्याचं कारण तिच्या रक्तात शोधण्याआधी त्या नकाशात शोधावं लागतं.

शेरखानला निदान पाय तरी मिळाला. रानकुत्र्यांना किपलिंगने काहीच दिलं नाही. दुसऱ्या भागातल्या एका कथेत दख्खनचे लाल कुत्रे झुंडीने सिवनीवर येतात, वाटेतलं सगळं मारत. वाघदेखील आपली ताजी शिकार त्यांना सोडून देतो. मोगली त्यांना मधमाश्यांच्या कड्याखाली ओढून नेतो आणि लांडग्यांसह त्यांचा खातमा करतो. झुंडीतल्या एकालाही चेहरा नाही, कारण नाही, पिल्लू नाही. मोगली त्यांचा तिरस्कार का करतो, हे मात्र किपलिंगने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे: त्यांना आपल्या लोकांसारखा वास येत नाही, ते गुहेत राहत नाहीत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्या बोटांमध्ये केस असतात. तिरस्काराची ही यादी थांबून वाचण्यासारखी आहे. तिच्यात एकही अपराध नाही.

प्रत्यक्षातला रानकुत्रा (कोकणात, सह्याद्रीत याला कोळसुंदा म्हणतात) कसा आहे? तो भुंकत नाही, शिट्टीसारखा आवाज काढून सोबत्यांना हाक देतो. 1970 च्या दशकात ए. जे. टी. जॉनसिंग यांनी बंदीपूरच्या रानात त्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला. शिकार मिळाली, की कळपात आधी पिल्लं खातात, मोठे मागे उभे राहतात. बिळाशी राहिलेल्या पिल्लांसाठी आणि आईसाठी मोठे कुत्रे पोटातलं मांस ओकून देतात, आणि हे काम फक्त आईबाप नव्हे, कळपातले इतरही करतात. वाघासारखा गळा धरून मारणं त्यांना जमत नाही. त्यांचं शरीर लहान. ते पळत्या जनावराचं पोट फाडतात आणि जीव जाण्याआधी खायला लागतात. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि क्रूर ही मोहर तिथूनच बसली. त्यात शिकारी साहेबांची आणखी एक तक्रार होती: हे कुत्रे आमची हरणं संपवतात.

म्हणून ब्रिटिश राजवटीत रानकुत्र्याच्या मुडद्यावर बक्षीस होतं, आणि काही ठिकाणी ते 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत चालू राहिलं. आज जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जात संकटग्रस्त आहे. 2015 च्या अंदाजानुसार जगभरात प्रौढ, प्रजननक्षम रानकुत्रे 949 ते 2,215 इतकेच उरले आहेत. पेंचमध्ये ते आहेत.

ज्या काळाने रानकुत्र्याला जन्मतः दोषी ठरवलं, त्याच काळाने माणसांच्या जमातींनाही तेच केलं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर भारतात लागू झाला आणि पुढे देशभर पसरला. अधिसूचित जमातीत जन्मलेलं मूल जन्मापासून संशयित धरलं जाई. हजेरी, परवाना, वस्तीवर पहारा. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा देशातून गेला, समज मात्र गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने मराठी वाचकाला तो समज आतून दाखवला. पांढुर्ण्याच्या शेजारच्या मुलताई तालुक्यात, चौथिया गावी, सप्टेंबर 2007 मध्ये एका गुन्ह्याच्या संशयावरून जमावाने पारध्यांची वस्तीच जाळली. गोष्टीतली जात आणि माणसांची जात एक नव्हे, हे खरं. तरी जन्मावरून दोष ठरवण्याची सवय गोष्टीत लागते आणि वस्तीपर्यंत जाऊन पोचते, हा धोका उघड आहे.

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे, आणि उत्तरही जुनं आहे. महाभारताच्या शांतिपर्वात व्याघ्र-गोमायू संवाद आहे. पौरिक नावाचा क्रूर राजा पुढच्या जन्मी कोल्हा होतो. मागचं आठवून तो मांस सोडतो आणि झाडाखाली पडलेल्या फळांवर जगतो. मसणवटीतले बाकीचे कोल्हे त्याला म्हणतात, आमच्यासारखा हो, आम्ही तुला खायला देतो. तो सांगतो, की आपला जन्म हे काही प्रमाण नव्हे, कुळ वागण्याने घडतं. पुढे वाघ त्याला मंत्री करतो. जळणारे सेवक वाघाचं मांस चोरून त्याच्या घरात ठेवतात, आणि वाघ क्षणात विश्वास ठेवतो, कारण आरोपी कोल्हा आहे! वाघाची आई खरं काय ते समजावते आणि कोल्हा सुटतो. मात्र एकदा असा संशय आल्यावर तो त्या दरबारात राहत नाही. पूर्वग्रहाची इतकी नेमकी गोष्ट आजच्या फँटसीतही सहज सापडत नाही. पंचतंत्रातही दमनक कारस्थानी आणि करटक सावध, दोघेही कोल्हेच.

ब्रिटिश लेखक ब्रायन जॅक्स याची ‘रेडवॉल’ ही मालिका 1986 पासून इंग्रजी मुलांची लाडकी झाली. तिच्यात उंदीर, बिजू, जाहक भले. घुशी, मुंगूससदृश फेरेट, कोल्हे बहुतेक खलनायक. 1995 मध्ये त्याने स्वतःच प्रश्न विचारून पाहिला: मठातल्या ब्रायोनी या उंदरीने वाढवलेलं फेरेटचं पिल्लू, व्हेल, कसं निघेल? व्हेल चोऱ्या करतो, विषप्रयोग करतो आणि मठाबाहेर हाकलला जातो. शेवटी बापाने फेकलेला भाला ब्रायोनीऐवजी स्वतःच्या अंगावर घेऊन मरतो. आणि एवढं झाल्यावरही पुस्तक त्याला वाईटच ठरवतं. ही मालिकेची मोठी चूक वाटते. ज्याने जीव दिला त्याचा हिशेब पुन्हा जातीवर आणून मिटवणं म्हणजे लेखकाने आपल्याच पात्राकडे पाठ फिरवणं आहे. टॉल्किनला हा पेच जाणवला होता. दुष्टाला नवी सृष्टी करता येत नाही, असलेलं बिघडवताच येतं, अशी त्याची श्रद्धा होती, आणि मग त्याच्या कथांतले दुष्ट ऑर्क आले कुठून याचं उत्तर तो आयुष्यभर बदलत राहिला.

मराठीत या पेचातून वाट काढली ती व्यंकटेश माडगूळकरांनी. 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्या आहेत, हद्दीसाठी आणि सत्तेसाठी झुंजी आहेत, रक्त आहे. वानरांत टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो. वानरांच्या अभ्यासक सारा हर्डी यांनी 1977 च्या पुस्तकात माउंट अबूच्या वानरांमध्ये या वागण्याचा अर्थ उलगडला होता: पिल्लू गेलं, की मादी लवकर माजावर येते. किपलिंगच्या माकडांना कायदा नाही, लाज नाही, म्हणून ती तुच्छ. माडगूळकरांच्या वानरांकडे कारणं आहेत, म्हणून वाचक त्यांच्या मारामारीत कुणाला शिव्या घालत नाही आणि तरी हादरतो.

सौंसर-पांढुर्ण्याच्या शाळांतली मुलं आज ना उद्या मोगलीची गोष्ट वाचणारच, आणि वाचावीच. ती उत्तम गोष्ट आहे. तिच्या शेजारी पेंचच्या रानकुत्र्यांची एक कादंबरी हवी, मराठीत, पिल्लांना आधी खाऊ घालणाऱ्या कळपाची. तिच्यात चितळाचं पोट फाटतं तेही यावं, बक्षिसासाठी गोळ्या घालणारा शिकारीही यावा, आणि ज्याची कालवड गेली तो शेतकरीही यावा.