बावला खून खटला : प्रेमप्रकरण आणि संस्थानी सत्ता

मुंबईच्या मलबार टेकडीवर १२ जानेवारी १९२५ रोजी सायंकाळी अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याचा खून झाला. बावला हा मुंबई नगरपालिकेचा सभासदही होता. मोटारीत त्याच्यासमवेत मुमताज बेगम ही तरुणी होती. हल्लेखोरांनी आपली मोटार आडवी घालून बावलावर गोळ्या झाडल्या व मुमताजच्या तोंडावर शस्त्राचे वार केले. तिला ओढून नेण्याचा त्यांचा प्रयत्न चालू असतानाच गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तेथे आले. त्यांपैकी एकाने हातातील गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांशी झुंज दिली. हे अधिकारी त्या क्षणी तेथे येते ना, तर कदाचित या प्रकरणाला खटल्याचे स्वरूपच आले नसते.

तत्कालीन वृत्तपत्रांनी ही घटना प्रेमाच्या त्रिकोणाची कथा म्हणून रंगविली. त्रिकोण होता खरा. परंतु त्याच्या तीन बाजू समान नव्हत्या. मुमताज ही गायन-नर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या घराण्यातील. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या आश्रयास ती कित्येक वर्षे होती. दरबारातील ते जीवन तिला असह्य झाले व प्रवासाची संधी साधून ती तेथून निसटली. इंदुरात आपल्या नवजात कन्येस ठार मारण्यात आले, असे तिने पुढे न्यायालयात शपथेवर सांगितले. या आरोपाची स्वतंत्र शहानिशा कधीच झाली नाही. तथापि परत जाण्यास ती मृत्यूइतकीच का भीत होती, याचा उलगडा त्यावरून होतो. मुंबईस आल्यावर ती बावलाच्या आश्रयास राहिली. बावलाचा अपराध काही असेलच तर तो एवढाच.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रंप यांच्यासमोर, ज्यूरीच्या साहाय्याने चालला. आरोपी नऊ होते व त्यांतील काही जण इंदूर संस्थानच्या नोकरीत होते. संस्थानी सैन्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा बचाव बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी केला. तिघांना देहदंडाची शिक्षा झाली.

खरी अडचण याच्या पुढची. खून करणारे हात न्यायालयासमोर उभे होते, परंतु त्या हातांमागील प्रेरणेचा शोध घेण्याचा अधिकार त्या न्यायालयास नव्हता. संस्थानाधिपती हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या सामान्य न्यायालयांच्या कक्षेबाहेर मानला जाई. त्याच्या वर्तनाची चौकशी करावयाची, तर सार्वभौम सत्ता या नात्याने हिंदुस्थान सरकारने आयोग नेमावयाचा, अशी रीत होती. म्हणजे कायद्याचा प्रश्न तेथे राजकारणाचा होई. सरकारने महाराजांपुढे दोन मार्ग ठेवले : आयोगास सामोरे जावे, किंवा गादी सोडावी. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी राज्यत्याग केला आणि चौकशीचा विषय संपला.

ही तडजोड उभयपक्षी सोयीची होती. महाराजांची उलटतपासणी टळली व सरकारला एका नरेशास उघड्यावर आणण्याचे संकट टळले. गैरसोय झाली ती सत्याची. महाराजांना कटाची माहिती होती की स्वामिभक्तीच्या अतिरेकाने सेवकांनी परस्पर हे कृत्य केले, याचा न्यायनिर्णय झालाच नाही. म्हणून या प्रकरणात त्यांना दोषी अथवा निर्दोष ठरविणारे लेखन, दोन्ही बाजूंनी, पुराव्याच्या पुढे जाते. गादी सोडली एवढ्यावरून दोष सिद्ध झाला, असे म्हणता येणार नाही. त्यांचे पिता शिवाजीराव यांनीही १९०३ मध्ये राज्यत्याग केला होता, त्याची कारणे निराळी होती.

तुकोजीरावांनी १९२८ मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. त्या शर्मिष्ठादेवी या नावाने ओळखल्या गेल्या. ते १९७८ मध्ये पॅरिस येथे निवर्तले. मुमताजची न्यायालयातील साक्ष मात्र अभ्यासकांनी निराळ्या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. राजाश्रयातील स्त्रीला आश्रय सोडण्याचा अधिकार आहे, हे तिने भर न्यायालयात स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर हल्ल्याचे व्रण होते.