त्वचेवरील श्वेतबिंदू

त्वचेवरील श्वेतबिंदू : वर्षानुवर्षे ऊन लागलेल्या त्वचेवर, बहुधा चाळिशीनंतर, उमटणारे बारीक पांढरे ठिपके. वैद्यकात या स्थितीस ‘इडिओपॅथिक गटेट हायपोमेलॅनोसिस’ असे म्हणतात. निश्चित कारण न सापडलेली, थेंबांच्या आकाराची वर्णन्यूनता असा या संज्ञेचा अर्थ आहे. हे ठिपके निरुपद्रवी व असंसर्गजन्य असतात. तथापि पांढरा डाग म्हणजे कोड किंवा कुष्ठरोग असा समज रूढ असल्याने त्यांच्यामुळे पुष्कळदा अकारण भीती निर्माण होते. म्हणून त्यांचे अचूक निदान उपचारांपेक्षाही महत्त्वाचे ठरते.

लक्षणे : ठिपके सामान्यतः २ ते ५ मिमी. व्यासाचे, गोल वा अनियमित आकाराचे, स्पष्ट कडांचे व चिनी मातीसारखे पांढरे असतात. नडग्या व कोपरापासून मनगटापर्यंतचे हात यांवर ते मुख्यत्वे दिसतात. ते दुखत नाहीत व सहसा खाजतही नाहीत. तेथील स्पर्शज्ञान शाबूत असते आणि केसांचा रंगही बहुधा टिकून राहतो. वयाबरोबर ठिपक्यांची संख्या वाढते; परंतु ते एकमेकांत मिसळून मोठे चट्टे बनत नाहीत. एकदा उमटलेला ठिपका सहसा आपोआप नाहीसा होत नाही.

कारणे : त्वचेचा वर्ण मुख्यतः मेलॅनीन या रंजकद्रव्यामुळे येतो. बाह्यत्वचेच्या तळाच्या थरातील विशिष्ट कोशिका ते तयार करून भोवतालच्या कोशिकांना पुरवितात. श्वेतबिंदूंत या रंजकोत्पादक कोशिकांची संख्या व कार्यक्षमता घटलेली आढळते. वार्धक्य, आनुवंशिकता आणि सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांचा (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरणांचा) दीर्घकालीन परिणाम ही यामागील कारणे मानली जातात. झाकलेल्या भागांवरही काही वेळा ठिपके आढळत असल्याने ऊन हे एकमेव कारण नव्हे. उन्हामुळे सभोवतालची त्वचा काळवंडते, ठिपका मात्र तसाच राहतो. त्यामुळे तो अधिक ठळक दिसतो.

निदान : इतर विकारांतील पांढऱ्या डागांपासून हे ठिपके वेगळे ओळखावे लागतात. कोडाचे डाग दुधासारखे पांढरे असून ते वाढत जाऊन परस्परांत मिसळू शकतात. ओठ, डोळे व बोटांची टोके यांभोवती ते विशेषेकरून आढळतात. शिबे हा मॅलॅसेझिया या यीस्टमुळे होणारा विकार असून छाती, पाठ व मान यांवर बारीक कोंडा सुटणारे फिकट डाग पडतात. कवकनाशक औषधाने तो बरा होतो, मात्र मूळ वर्ण परत येण्यास काही महिने लागतात. कुष्ठरोगातील फिकट चट्ट्यावर स्पर्श, उष्णता वा वेदना यांची जाणीव कमी होते किंवा नाहीशी होते. असा बधिर चट्टा दिसल्यास विलंब न करता तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचारांमुळे कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ शकतो. भारतातील शासकीय आरोग्य केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. शंका राहिल्यास त्वचेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

उपचार : आरोग्याच्या दृष्टीने श्वेतबिंदूंवर उपचारांची गरज नसते. केवळ सौंदर्यदृष्ट्या ते नको असल्यास द्रवरूप नायट्रोजनाचा (तापमान –१९६° से.) ठिपक्यावर काही सेकंद प्रयोग करतात. ट्रेटिनॉइन व टॅक्रोलिमस यांची मलमे तसेच लेसर किरण यांचाही वापर होतो. या सर्वांचे परिणाम व्यक्तिपरत्वे भिन्न असतात. अतिशीतन व लेसर यांनी सावळ्या त्वचेवर काळे डाग किंवा व्रण राहण्याचा संभव असल्याने हे उपचार त्वचारोगतज्ञाकडूनच करून घ्यावेत. आपल्या मनाने स्टेरॉइडयुक्त मलमे दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते व तिचा रंगही फिका पडू शकतो.

प्रतिबंध : भर दुपारचे ऊन टाळणे, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरणे व उघड्या भागांवर किमान ३० संरक्षणांकाचे सूर्यरोधक मलम दर दोन तासांनी लावणे, हे उपाय हितकारक होत. त्यांनी जुने ठिपके जात नाहीत. परंतु भोवतालची त्वचा कमी काळवंडल्याने ते कमी उठून दिसतात आणि उन्हामुळे त्वचेची होणारी पुढील हानी कमी होते.